चूलमायचे वकील

गप्पकाकींच्या अंगणात त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला वाव नव्हता. बायका, बाप्ये, कडेवरची पोरं, काठी टेकत चढ चढून आलेले म्हातारे, सगळे थंडीत कुडकुडत उभे होते. प्रत्येकाच्या डोक्यावर नाहीतर काखेत लाकडाची मोळी होती आणि प्रत्येकाची नजर स्वयंपाकघराच्या दारावर. दारात काकींचे धाकटे दीर उभे होते आणि येणाऱ्याची मोळी हातात तोलून निवाडा देत होते.

"ओलं लाकूड आत! वाळकं मागच्या पडवीत! मायला जिवंत लाकूड लागतं, मेलेलं नाही. अहो आजोबा, हे काय आणलंत? खडखडीत वाळलंय. असू दे, पडवीत ठेवा. माय दयाळू आहे, तेही पोटात घालेल."

या दिरांना गाव 'वकील' म्हणायचा. कधीकाळी चोरीला गेलेल्या एका बादलीच्या खटल्यात ते साक्षीदार म्हणून कोर्टात गेले होते. उलटतपासणीत ते बादलीचा रंग विसरले, पण वकिलांची भाषा मात्र सगळी पाठ करून आले. तेव्हापासून ते जेवायला बसतानाही "हजर आहे" म्हणायचे.

गर्दीत सगळ्यात मागे नर्सबाई उभ्या होत्या. डोंगराखालच्या आरोग्य केंद्रातून त्या सकाळीच वर आल्या होत्या, धापा टाकत आणि वाटेतल्या प्रत्येक दगडाला शिव्या घालत. या गावात थंडी लांबलचक आणि स्वयंपाकघरं बिनखिडकीची. बायका खोकायच्या, तान्ह्या पोरांच्या छात्या घरघरायच्या आणि औषधाच्या बाटल्या संपल्या तरी खोकला संपायचा नाही. म्हणून वरच्या साहेबांच्या मागे लागून, अर्जांवर अर्ज करून बाईंनी नव्या चुली मंजूर करून घेतल्या होत्या. खाली जाळी, म्हणजे लाकडाला हवा मिळून ते नीट जळेल; वर धुराडं, म्हणजे उरलासुरला धूर छपराबाहेर जाईल. धुराड्याच्या नळ्या शाळेच्या ओट्यावर येऊन पडल्या होत्या. चुली बांधायला गवंडीही सोबत आला होता. गेल्या खेपेला घराघरातून "बांधा, बांधा" झालं होतं. आणि आज सकाळपासून ज्या दाराशी जावं तिथे एकच उत्तर: "आधी चूलमायला विचारतो."

"ही चूलमाय कोण?" बाईंनी शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीला विचारलं. त्या म्हातारीची शेळी हरवली होती, म्हणून ती आली होती.

"अहो, तुम्हाला ठाऊक नाही? गप्पकाकींच्या अंगात येते! थंडी पडली तशी यायला लागली. जी बाई तीस वर्षांत 'हो', 'वाढते' आणि 'असू दे' यापलीकडे बोलली नाही, ती आता घडाघडा बोलते. याहून मोठा चमत्कार काय पाहिजे?"

हे मात्र खरं होतं. काकींचं मूळ नाव त्यांच्या नवऱ्यालाही आठवायला वेळ लागला असता, आणि तो बिचारा मेंढरं घेऊन खालच्या कुरणांवर गेलेला. मुलगा दूर कामाला. घरात काकी, सून, सुनेचं तान्हं बाळ आणि वकील.

दार उघडलं आणि मावतील तेवढे आत घुसले. बाईही घुसल्या. चुलीपुढे पाटावर काकी बसल्या होत्या, मांडीवर नातू. वकिलांनी छपरातलं धुराचं भोक बांबूने पोतं ढोसून बुजवलं, दार लावलं आणि स्वतः दाराला अगदी चिकटून उशीवर बैठक मारली.

"धूर म्हणजे मायचा पदर," ते म्हणाले. "पदर बाहेर गेला तर माय आत कशी राहील? श्वास खोल घ्या. डोळ्यांत पाणी आलं का?"

"आलं, आलं!"

"ती भक्ती. छातीत दाटून आलं?"

"आलं!" लोक खोकत म्हणाले.

"तो उमाळा. डोकं जड झालं?"

"झालं हो!"

"मायने हात ठेवला! आता कामकाज सुरू."

ओली लाकडं चुलीत सुरसुरत होती, शेजारच्या वैलावर, म्हणजे चुलीच्या जोडतोंडावर, निखाऱ्यांचा ढीग धुमसत होता. काकी डुलायला लागल्या. मान एका बाजूला कलली, ओठ हलले. "काळं... काळं दिसतंय..."

"शेळीवाल्या आजी, पुढे या," वकील म्हणाले. "शेळी काळी होती?"

"नाही हो. पांढरीशुभ्र."

"बरोबर. म्हणजे चोर काळा. पुढचं प्रकरण!"

पुढचं प्रकरण चुलींचं होतं. कुणीतरी विचारलं, "माय, या सरकारी चुली बांधाव्या का?" काकी नुसत्या हेलकावे खात पुटपुटल्या, "फिरतंय... सगळं फिरतंय..."

"ऐकलंत?" वकील कडाडले. "माय म्हणते, मी फिरत फिरत तुमच्या गावात आले. नळी बसवाल तर नळीतून निघून जाईन. मागे राहील ती थंडगार राख. नव्या चुलींना मनाई हुकूम!"

नर्सबाई ताडकन उठणार होत्या. चार खडे बोल जिभेवर तयार होते. पण उठायला पाय ऐकेनात. कानांत घंटा वाजत होत्या. भिंती हळूच श्वास घेतल्यासारख्या फुगत होत्या आणि चुलीतल्या जाळाला तोंड फुटलं होतं, डोळे फुटले होते. ते तोंड त्यांच्याकडेच बघत होतं. छातीत धडधडायला लागलं. 'अरे देवा,' त्यांना वाटलं, 'खरंच कोणीतरी आहे इथे.' जन्मभर अंगारे-धुपाऱ्यांवर तोंडसुख घेतलेली बाई त्या क्षणी घाबरून हात जोडून बसली.

कामकाज संपून दार उघडलं तेव्हा त्या रांगतच बाहेर आल्या आणि लाकडांच्या ढिगाऱ्याआड जाऊन भडभडून ओकल्या. गवंडी पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

"बाई, तुमच्या पण अंगात आली की काय?"

"गप्प बस," बाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचं डोकं ठणकत होतं. शाळेच्या ओट्यावर त्या औषधांची पेटी उघडून बसल्या, तर समोर ही रांग. आणि रांगेत एकच तक्रार: डोकं. पहिल्या तिघांना त्यांनी गोळ्या दिल्या. चौथ्याच्या हातावर गोळी ठेवता ठेवता त्यांचा हात थबकला.

"तू काल आत होतास?"

"होतो की. चुलीला टेकूनच. माझ्यावर मायची फार मर्जी. ओकलोसुद्धा."

"आणि तुम्ही, आजी?"

"मी मधे होते," शेळीवाली म्हातारी म्हणाली. "डोकं दुखतंय, पण ओकले नाही बाई. आपली पुण्याई कमी."

"तुम्ही, दादा?"

"मला आत जागाच मिळाली नाही. अंगणात होतो. माझं डोकं ठीक आहे, गुडघा बघा."

बाईंनी रांगेतल्या प्रत्येकाला तेच विचारलं. चुलीजवळ बसलेला अर्धमेला, दाराजवळ बसलेला जरासा बेजार, अंगणातला ठणठणीत. आशीर्वाद काय तो माणसागणिक नव्हता, चुलीपासूनच्या अंतरागणिक होता! आणि आत बसूनही ज्याचं डोकं एकदाही दुखलं नव्हतं असा गावात एकच माणूस निघाला. तो दाराला चिकटून उशीवर बसायचा.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. दुखतंय हे विसरून मारला, त्यामुळे पुन्हा कळवळल्या.

"अहो, ही माय नाही, वायू आहे!" त्या ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या. "कोंडलेल्या खोलीत ओलं लाकूड, निखारे धुमसले की त्यातून विषारी वायू निघतो. कार्बन मोनॉक्साइड. तो तुमच्या डोक्यात चढतो!"

एव्हाना वकीलही येऊन दाखल झाले होते. त्यांनी शांतपणे मिशांवरून हात फिरवला.

"मोनॉक्साइड? हे पाहुणे कुठल्या गावचे?"

लोक हसले.

"मला दोनचार प्रश्न विचारायचे आहेत, बाई. हे तुमचे मोनॉक्साइड दिसतात का?"

"नाही. धूर दिसतो, हा वायू दिसत नाही."

"त्यांना वास आहे?"

"नाही."

"चव? आवाज?"

"नाही, पण..."

"पणबिण नको. हो की नाही तेवढं सांगा. दिसत नाही, वास नाही, आवाज नाही, बंद खोलीत येतात आणि माणसाच्या अंगात शिरतात. बरोबर?"

"बरोबर," बाई दात खाऊन म्हणाल्या.

"अहो मग हीच तर माय!" वकिलांनी दोन्ही हात पसरले. "तुम्ही फक्त तिचं नाव बदललंत!"

ओट्यावर असा हशा पिकला की गुडघेवाले दादाही गुडघा विसरून नाचले. बाईंचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. खरं त्यांच्या बाजूला होतं आणि टाळ्या वकिलांच्या.

दुपारी त्या काकींच्या घरी गेल्या. वकील बाहेर गेले होते. सून बाळाला मांडीवर घेऊन अंगणात उन्हाला बसली होती. बाळ पेंगत होतं.

"फार गुणी आहे ना?" बाई म्हणाल्या. "रडतच नाही."

सुनेने खाली मान घातली. "पूर्वी रडायचा. घर डोक्यावर घ्यायचा. आता आत बसवलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दूधसुद्धा ओढत नाही. काका म्हणतात, त्याच्यावर मायची छाया आहे, तो शांत बसला की लोकांचा विश्वास बसतो." ती बाईंकडे बघून हळूच म्हणाली, "हे बरं नाही ना?"

"अगं, बरं नाही म्हणजे? जिवावर बेतेल. लहान जीव, त्याला थोडंसं विषही पुष्कळ. आज त्याला आत नेऊ नकोस."

काकी कोपऱ्यात भांडी घासत होत्या. बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "काकी, तुम्हाला तिथे काय होतं?"

काकी पातेल्याची काजळी खरवडत होत्या. "डोकं फुटतं," त्या म्हणाल्या. "मग काही कळत नाही."

"मग बसता कशाला?"

"लोक ऐकतात." काकींनी वर पाहिलं. "बाई, या घरात आल्यापासून मी 'वाढ' आणि 'उचल' एवढंच ऐकलं. मला कुणी काही विचारलं नाही. आता अख्खा गाव माझ्यापुढे हात जोडून बसतो. मी काय बोलते ते मला आठवत नाही, पण ऐकतात."

बाईंकडे प्रत्येक दुखण्यावर गोळी असायची. यावर नव्हती. त्या उठल्या.

त्या संध्याकाळी बाईंना आत प्रवेश मिळाला नाही. "न्यायालयाचा अवमान," वकिलांनी दारातच सांगितलं. सुनेने बाळाला घट्ट धरून ठेवलं होतं, पण वकिलांनी "मायने बोलावलंय" म्हणत सगळ्यांदेखत ते तिच्या हातातून काढून काकींच्या मांडीवर नेऊन ठेवलं. चारचौघांत थोरांना उलट बोलायची सवय नसलेली ती पोर त्याच्या मागोमाग आत गेली आणि दार बंद झालं.

बाई अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. "दार मोडू का?" गवंड्याने विचारलं. "मोड," असं त्या म्हणणार, तोच आतून किंचाळी ऐकू आली. दार धाडकन उघडलं. धुराच्या लोटातून सून बाहेर आली, हातात बाळ. बाळाची मान कापडाच्या बाहुलीसारखी लोंबत होती.

"बाई! हा उठत नाहीये!"

बाईंनी बाळ झटकन घेतलं, दुपटं सैल केलं, वाऱ्याच्या दिशेने धरलं, पाठ चोळली, तळवे चोळले. "दार उघडं ठेवा! सगळ्यांना बाहेर काढा!" त्या ओरडल्या. गवंड्याने छपरावर चढून पोतं उपसून फेकलं. माणसं धडपडत, खोकत बाहेर आली. दोन बायकांनी काकींना धरून आणलं आणि अंगणातल्या बाजेवर निजवलं.

बाळ हलेना. सून बाईंच्या हाताला धरून उभी होती. बाई पाठ चोळत राहिल्या, "रड रे राजा, रड, एकदा रड," म्हणत राहिल्या. आणि मग बाळाने तोंड वाकडं केलं, एक उचकी दिली आणि असं भोकाड पसरलं की मागच्या गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली.

सुनेने त्याला छातीशी कवटाळलं. बाई अंगणातच खाली बसल्या.

"रिंगण मोडलं!" मागून वकील गरजले. "माय कोपली! बैठक अर्धवट टाकून कोण उठलं?"

"मी उठले," सून म्हणाली. इतक्या मोठ्याने ती त्या घरात कधी बोलली नव्हती. "आणि पुन्हा उठेन. तुमच्या मायला सांगा, पोर माझं आहे."

"पोरी, तोंड सांभाळ! ही माय की वायू, याचा निकाल सकाळीच लागलाय."

"निकाल लागायचाय अजून," बाई उठत म्हणाल्या. "माय असेल तर ती कुणाच्याही अंगात येईल. वायू असेल तर चुलीपाशी बसणाऱ्याच्याच येईल. एकदा काकींना बाहेर ठेवा आणि दुसऱ्या कुणालातरी चुलीपुढे बसवा."

"अशी बसवाबसवी चालत नाही! माय माणूस निवडते!"

"भाऊजी, आज तुम्ही बसा."

आवाज बाजेकडून आला होता. काकी उठून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, डोळे लाल, पण नजर थेट दिरावर. अंगणात कुजबुज उठली. शेळीवाली म्हातारी भीतभीत पुढे झाली. "हे कोण बोललं? माय की काकी?"

"मी बोलले," काकी म्हणाल्या. "माझा नातू मरता मरता वाचलाय, माझ्याच मांडीवर. भाऊजी, तुम्हाला मायची भाषा सगळ्यांत चांगली येते. बसा चुलीपुढे. तिला जे काय विचारायचंय ते थेट विचारा."

"बरोबर आहे! बसा की, वकील!" गर्दीतून आवाज निघाले.

"पण वहिनी, मी पडलो वकील, मी पक्षकार नव्हे..."

"बसा!"

वकिलांनी गुडघ्याचं दुखणं सांगून पाहिलं, मग कंबरेचं, मग आज वारच बरोबर नाही म्हणून पाहिलं. शेवटी चार हातांनी त्यांना उचलून चुलीपुढच्या पाटावर नेऊन ठेवलं. त्यांच्या शेजारी बाईंनी टोपलीतून एक कोंबडी ठेवली.

"ही कशाला?"

"ही साक्षीदार. हिला भक्ती नाही, शंका नाही, आणि हिने वकीलही केलेला नाही." बाईंनी दाराची कडी हातात धरली. "भोक बुजवलंय, दार लावते. पण तुम्ही सतत बोलत राहायचं. आवाज थांबला की मी तत्क्षणी दार उघडणार. तुम्हाला काही होऊ देणार नाही."

दार लागलं. लोक कंदील घेऊन दाराभोवती गोळा झाले. आतून वकिलांचा आवाज आला, चांगला खणखणीत. "माय आली आहे! मायचं म्हणणं असं की..." मग खोकला. "मायचं म्हणणं..." मग आणखी खोकला. मग काहीतरी सरपटल्याचा आवाज. आता बोलणं चुलीकडून येत नव्हतं, जरा अलीकडून येत होतं. थोड्या वेळाने आणखी अलीकडून. पुढे ते चक्क जमिनीतून आल्यासारखं ऐकू यायला लागलं.

"माय म्हणते... सर्वांचं कल्याण..."

"हे खालून कुठून बोलतायत?" गवंड्याने कंदील उंबऱ्याशी नेला.

दाराखाली बोटभर फट होती. त्या फटीतून एक नाकाचा शेंडा बाहेर आला होता आणि दोन्ही बाजूंना घामाने चिकटलेली मिशी. नाकपुड्या भात्यासारख्या चालल्या होत्या.

शेळीवाली म्हातारी वाकून बघत म्हणाली, "अगं बाई! मायला मिशा कधी फुटल्या?"

अंगणात हास्याचा असा स्फोट झाला की नुकतंच निजलेलं बाळ पुन्हा उठलं. बाईंनी दार उघडलं. वकील उंबऱ्यावर पालथे पडलेले होते. त्यांना ओढून बाहेर घेतलं. गवंडी तोंडाला फडकं बांधून कोंबडी घेऊन आला. तिची मान लुळी, डोळे मिटलेले.

"हिच्या अंगात आली," कुणीतरी पुटपुटलं. पण यावेळी कुणी हात जोडले नाहीत. सगळे कोंबडीकडे टक लावून बघत राहिले. वाऱ्यावर ठेवल्यावर तिने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. मग झोकांड्या खात उभी राहिली, पिसं फुलवली आणि वकिलांच्या पाठीवरून चालत निघून गेली.

"आता सांगा," बाई वकिलांना म्हणाल्या. "दाराखालच्या फटीशी का आलात? माय तर चुलीत होती."

वकिलांची बोबडी वळली होती. पाणी पिऊन ते बसले आणि जन्मात पहिल्यांदा सरळ भाषेत बोलले. "बाई, वायूबियू मला ठाऊक नव्हतं, आईशप्पथ. थंडीच्या सुरुवातीला वारा येतो म्हणून मी भोक बुजवलं, तर वहिनी बरळायला लागल्या. शेजारीण म्हणाली, अंगात आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बुजवलं, पुन्हा आलं. उघडं ठेवलं की येत नाही. एवढं कळलं. आणि चुलीजवळ बसलं की आपलंही डोकं फुटतं, हेही कळलं. म्हणून मी दाराशी बसायचो."

"आणि वाळकी लाकडं?" गवंड्याने विचारलं. "आज पहाटे तुमचं खेचर लाकडं लादून उतरणीने कुठे चाललं होतं? माय बाजाराला निघाली होती का?"

ज्यांनी ज्यांनी आपलं वाळकं सरपण घातलं होतं, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि वकील हळूच बाजेमागे सरकले. दोघेतिघे बाह्या सरसावून पुढे झाले होते.

"मारामारी नको," काकी म्हणाल्या. "पडवीत आहे ते लाकूड ज्याचं त्याने घेऊन जा. गेलं ते भाऊजी फोडून देतील. घरोघरी." त्या थांबल्या. "आणि मलाही बोला. मीपण बसत होते."

बाई मधे उभ्या राहिल्या. सकाळी हसं झालेलं होतं, म्हणून यावेळी त्यांनी मोठाले शब्द बाजूला ठेवले.

"हे बघा. आपल्याला जशी हवा लागते तशी जाळालाही लागते. भरपूर हवा मिळाली, लाकूड वाळकं असलं की ते धडधडून जळतं. हवा कोंडली की ते धुमसतं, आणि धुमसणाऱ्या लाकडातून, निखाऱ्यातून तो वायू निघतो. श्वासावाटे तो रक्तात जातो आणि चांगल्या हवेची जागा अडवून बसतो. मग डोकं दुखतं, भोवंडतं, भलतंसलतं दिसतं. मलाही दिसलं. मीही हात जोडले, खोटं कशाला सांगू? जास्त गेला तर माणूस झोपेतच जातो. आणि खोली बंद नसली तरी रोजचा धूर रोज थोडं थोडं हेच करतो. तुमचा खोकला, पोरांची छाती, म्हाताऱ्यांचे डोळे, सगळं त्यातलंच. आज जसं कोंबडी ठेवून पाहिलं, तसं प्रत्येक गोष्टीत करून पाहता येतं. अमुक केल्याने अमुक होतं असं कुणी म्हटलं, तर विचारा: ते न करता काय होतं? जागा बदलली तर काय होतं? माणूस बदलला तर? प्रश्न विचारल्याने खरं कधी कोपत नाही. कोपतो तो ज्याचं पोट तुमच्या न विचारण्यावर चालतं तो."

"ते सगळं खरं," शेळीवाली म्हातारी म्हणाली, "पण मग माझी शेळी?"

"ती मात्र शोधावी लागेल, आजी. पायांनी."

पहिली चूल काकींच्याच घरात बसली. काकींनी गवंड्याला सळो की पळो करून सोडलं. ओटा उंच झाला, वाकवत नाही म्हणून बसून रांधते मी. वैल इकडे घे, हात पोळतो. जाळी खाली घे, राख काढायला जागा कुठे ठेवलीस? गवंडी डोकं खाजवत तिसऱ्यांदा माती फोडायचा आणि बाईंना म्हणायचा, "बाई, या चुलीला नकाशा कशाला काढला होता? यांनाच विचारायचं की!" नळी छपरातून बाहेर निघाली, जाळ लागला, आणि खोलीच्या पलीकडच्या भिंतीवरचा खिळा इकडून दिसला. सून नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्या घरात ती आल्यापासून ती भिंत तिने पेटत्या चुलीशी बसून कधी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या घरी चूल बांधायची वेळ आली तेव्हा तिथली म्हातारी अडून बसली, की नळी लावली तर ऊब जाते. काकी तिथे गेल्या, एक दिवस तिच्याशेजारी बसल्या, तिचा वाद ऐकून घेतला, आपलाही ऐकवला. चूल झाली. मग तिसरी. वकील नळ्या वाहून न्यायचे आणि लोकांची लाकडं फोडायचे. फोडताना तोंड चालूच असायचं, पण त्यात आता न्यायालय क्वचितच यायचं. थंडी सरता सरता बाईंच्या पेटीत डोकेदुखीच्या गोळ्या उरायला लागल्या. खोकल्याचं औषध पूर्ण थांबलं नाही. जुन्या छात्या एका थंडीत बऱ्या होत नाहीत आणि बाईंनी तसं वचनही दिलं नव्हतं. पण तान्ही पोरं रात्री झोपायला लागली, आणि काकींचा नातू रडायला.

मग एक दिवस डोंगराच्या पलीकडच्या गावातून बातमी आली. तिथे एका घराची भिंत रडते म्हणे! कोरड्या भिंतीवर घळाघळा पाणी येतं, आणि ते डोळ्यांना लावलं की दिसायला लागतं. पलीकडे माणसांची रीघ लागली होती. आपल्या गावातलेही पाचपंचवीस जण पहाटेच निघाले. काकीही निघाल्या. "मलाही बघायचंय," त्या म्हणाल्या, "न बघता कशाला नाही म्हणू?"

घरात दाटी होती. भिंत खरंच ओली होती; थेंब फुटायचा, ओघळायचा. एक भगतबुवा वाटीत पाणी गोळा करत सांगत होता, की ही भिंत गावाच्या पापांसाठी रडते. लोक गहिवरून ऐकत होते. काकींनीही सगळं नीट ऐकून घेतलं. बुवाचं बोलणं संपल्यावर त्यांनी भिंतीला हात लावला, वर पाहिलं, खाली पाहिलं.

"बुवा," त्यांनी विचारलं, "या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला काय आहे?"

"पलीकडे?" बुवा गोंधळला. "पलीकडचं काय विचारता, बाई? चमत्कार अलीकडे आहे!"

"ते दिसतंय. पण पलीकडे काय आहे?"

मग दाराशी उभा असलेला एक जण बाहेर पडला. त्याच्यामागे दुसरा. मग निम्मी खोली उठली आणि घराला वळसा घालून मागे गेली. मागे शेजाऱ्याचा पाण्याचा हौद होता, भिंतीला टेकून, काठोकाठ भरलेला.

तिथे कुणी काकींना हात जोडले नाहीत, कुणी त्यांच्यापुढे बसलं नाही, आणि त्यांनाही ते नको होतं. लोकांनी फक्त हौदाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि एकमेकांकडे पाहून हसायला सुरुवात केली.

तेव्हा बाबांनो, कुठे काही अद्भुत दिसलं तर जरूर बघायला जा. पाहण्यात पाप नाही, नवल वाटण्यात तर मुळीच नाही. पण हात जोडण्याआधी एकदा उठा आणि भिंतीच्या पलीकडे जाऊन या. वळसा थोडासाच असतो.